सार्कोमाचे उपचार संपले, आता तारखा सांभाळा

उपचार संपले की घरी पेढे येतात. यावेतच. पण त्याच दिवशी फाइलवर पुढची तारीख लिहिलेली असते आणि ती पेढ्यांच्या गडबडीत मागे पडते. म्हणून पहिली विनंती हीच, की ती तारीख घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा. सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा भागांत होणारा कॅन्सर. त्यात फेरतपासणीचं मोल उपचाराइतकंच आहे.

कारण सरळ आहे. हा आजार परत आला तर बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येतो. एक, जिथून गाठ काढली तिथेच. दुसरं, फुप्फुसात. आणि जास्त करून पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. फुप्फुसात मोजक्या, लहान गाठी असतानाच त्या दिसल्या तर पुष्कळदा ऑपरेशन करून काढता येतात, आणि त्यानंतर काही रुग्ण पूर्ण बरेही होतात. मांडीतली, दंडातली गाठ लहान असताना सापडली तर हात किंवा पाय राखून ती पुन्हा काढता येण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की हे पर्याय एकेक करून कमी होत जातात.

मी बार्शीची, घरी शिवणकाम करते. डाव्या मांडीत, गुडघ्याच्या जरा वर, सायनोव्हियल सार्कोमा निघाला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ऑपरेशन झालं, शेक दिला, म्हणजे रेडिएशन, केमोही झाली. आता ओळखीतून नंबर मिळवून बायका फोन करतात. "ताई, आता काहीच त्रास नाही, तरी मुंबईला जावंच लागेल का?" त्यांना फोनवर जे सांगते ते इथे नीट, सविस्तर लिहिते आहे. सार्कोमाचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे तुमच्या फाइलवर तुमच्या डॉक्टरांनी जे लिहिलंय ते पहिलं, माझं नंतर.

तारखांचं गणित

गाठ जोरकस जातीची, म्हणजे हाय ग्रेड असेल तर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात. मग पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा. गाठ संथ जातीची असेल तर सुरुवातीपासूनच चार ते सहा महिन्यांचं अंतर ठेवतात. हाडाच्या सार्कोमात दहा वर्षं आणि त्यापुढेही बोलावतात, कारण तिथे गाठीबरोबर बसवलेल्या सांध्याकडेही बघायचं असतं. माझ्या प्रकारात पाच वर्षांनंतर, कधी दहा वर्षांनंतरही आजार डोकं वर काढू शकतो, म्हणून मी "पाच वर्षं झाली, सुटले" असं म्हणत नाही. तुमचा प्रकार आणि ग्रेड कोणती ते बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याच्या, रिपोर्टवर लिहिलेलं असतं. ते एकदा डॉक्टरांकडून समजावून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.

तारखा चुकतात त्या बहुधा कामाच्या हंगामात. माझ्याकडे लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं दिवाळीनंतर, शेतकऱ्यांचं पेरणीत, वारकऱ्यांचं आषाढीत असंच होतं. म्हणून मी ओपीडीतच पुढच्या तारखेचा महिना बघते, आणि तो अडचणीचा दिसला तर तिथेच सांगते, "चार-आठ दिवस अलीकडे द्या." आठवडाभर मागेपुढे झालं तर डॉक्टर ऐकतात. "हा हंगाम जाऊ दे, मग बघू" हे मात्र करू नका. तीन महिन्यांची तारीख टळली की बघता बघता सहा महिने होतात.

कालनिर्णयवर तारखेभोवती लाल गोल करा, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी आणखी एक गोल करा. त्या पंधरा दिवस आधीच्या गोलाच्या दिवशी तिकीट काढायचं, दाखला घ्यायचा, फाइल उघडायची. घरातल्या एका माणसाला ही जबाबदारी ठरवून द्या. आमच्याकडे ती थोरल्या मुलीकडे आहे. शाळकरी पोरीला आईच्या आजारपणात आपणही काहीतरी करतोय याचा आधार वाटतो, हे मी जवळून पाहिलंय.

एक्स-रे पुरतो का, सीटी हवाच का?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण सीटीचा खर्च मोठा असतो. याचं चांगलं उत्तर आपल्या मुंबईतूनच मिळालं आहे. टाटा मेमोरियलमध्ये २००६ ते २०१० या काळात सार्कोमाचं ऑपरेशन झालेल्या ५०० रुग्णांना अभ्यासात घेतलं. काहींच्या फुप्फुसांची तपासणी साध्या एक्स-रेने केली, काहींची सीटीने. काहींना तीन महिन्यांनी बोलावलं, काहींना सहा. डॉ. अजय पुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचे निष्कर्ष छापले. तीन वर्षांनंतर हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण एक्स-रेच्या गटात ६७ टक्के होतं, सीटीच्या गटात ६६ टक्के. म्हणजे स्वस्तातल्या एक्स-रेने रुग्णांचं नुकसान झालं नाही.

हे आकडे वाचताना पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. त्यात आजार दुसरीकडे न पसरलेले, पण वेगवेगळ्या प्रकारच्या गाठींचे रुग्ण एकत्र आहेत. त्यातून तुमचं स्वतःचं भविष्य काढत बसू नका. तुमच्या गाठीचा आकार, ग्रेड, ती पूर्ण निघाली की नाही, यावर तुमचा हिशेब ठरतो, आणि तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तीन वर्षांनंतर हयात असलेले, तीन महिन्यांच्या गटात ६९ टक्के, सहा महिन्यांच्या गटात ६४. सहा महिन्यांचं अंतर तितकंच सुरक्षित आहे, हे त्यातून ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणून "एक्स-रे चालतो" हे ऐकून कोणी मनानेच "मग सहा महिन्यांनी गेलं तरी चालेल" असं ठरवू नये.

आणि त्या अभ्यासातल्या ज्या ओळीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती ही : आजार जिथे होता तिथेच परत आला, अशा रुग्णांपैकी जवळजवळ ९० टक्के जणांना तो स्वतःलाच आधी कळला. मशीनच्या आधी, डॉक्टरांच्या आधी. आपला हात एवढं काम करू शकतो. मग तो शिकवून तयार ठेवायला नको का?

महिन्यातून एकदा, स्वतःच्या हाताने

दिवस ठरवून घ्या. पाळी सुरू असलेल्या बायकांनी पाळी संपल्यावरचा दिवस धरला तर आठवायला सोपं जातं, बाकीच्यांनी महिन्याची पहिली तारीख. आंघोळीनंतर, भरपूर उजेडात, दार लावून, घाई नसताना बसा. हाताला थोडं खोबरेल तेल लावलं की बोटं नीट सरकतात.

आधी नुसतं बघायचं. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून. कुठे फुगवटा आला आहे का, त्वचेचा रंग बदलला आहे का, व्रणाच्या कडेला एखादी पुटकुळी आहे का, शेक दिलेल्या जागी जखम होऊन ती भरत नाही असं झालंय का. मग हात. मधली तीन बोटं सपाट धरायची, नुसती टोकं टोचायची नाहीत. व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू, आधी हलक्या दाबाने, मग जरा खोल. पुढे व्रणाच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा. ऑपरेशननंतर ड्रेनची नळी ज्या छिद्रातून काढली होती ते छिद्र पुष्कळजण विसरतात. तिथेही बोट फिरवा, कारण नळीच्या वाटेनेही पेशी तिथवर आलेल्या असू शकतात. शेवटी पायाची गाठ असेल तर जांघ, हाताची असेल तर काख. सार्कोमा सहसा तिथल्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) जात नाही, पण काही प्रकारांत जातो, आणि माझा त्यांपैकी एक धरतात.

पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हाला सगळंच टणक आणि ओळखीचं नसलेलं वाटेल. घाबरू नका. शेक दिलेलं मांस घट्ट होतं, टाक्यांखाली दोरीसारखी पट्टी लागते, कुठे खड्डा असतो. हे सगळं "तुमचं नेहमीचं" आहे. ब्लाउजच्या अस्तराआड दुमडलेली शिवण न बघता बोटांना कळते, तशी ही जागा बोटांच्या ओळखीची व्हायला दोन-चार महिने लागतात. पहिल्यांदा ओपीडीत गेलात की डॉक्टरांसमोर स्वतःचा हात फिरवा आणि विचारा, "हे लागतंय ते काय आहे?" तो व्रण आहे की हाड की शिरेची गाठ, ते त्यांच्याकडून एकदा कळलं की घरी धडकी भरत नाही.

माझ्या धंद्याची टेप मी याच कामाला लावली आहे. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून वर दहा सेंटिमीटर आणि वीस सेंटिमीटर, अशा दोन खुणा बॉलपेनने करायच्या. पाय सैल सोडून झोपायचं किंवा पसरून बसायचं. खुणेवर टेप चारी बाजूंनी सारखी बसली पाहिजे, खाली-वर तिरपी नको. कपड्याचं माप घेताना सोडतो तशी ढील द्यायची नाही, आवळायचीही नाही. दोन्ही पायांची मापं घ्यायची आणि तारखेसह वहीत लिहायची. ऑपरेशनच्या पायाचं स्नायूचं मांस काढलेलं असल्याने तो बारीकच असतो, त्यामुळे एका दिवसाच्या मापाला अर्थ नाही. दर महिन्याची रांग डोळ्यांसमोर हवी. चांगल्या पायाचं माप तेवढंच राहिलं आणि ऑपरेशनच्या पायाचं दोन महिने सलग वाढलं, तर एकतर सूज चढते आहे किंवा आत काहीतरी वाढतंय. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना कळायला हव्यात. वेळ सकाळचीच ठेवा, संध्याकाळी पाय तसाही थोडा सुजतो.

पाठीवर, कुल्ल्यावर, खांद्यामागे गाठ होती त्यांचा हात तिथे पोचत नाही. अशा वेळी घरातल्या एकाच माणसाने दर महिन्याला बघावं. दर वेळी वेगळा माणूस असला की जुनं-नवं कोणालाच कळत नाही. मोबाइलवर तारीख दिसेल असा फोटोही काढून ठेवा. आणि ज्यांची गाठ पोटात, पाठीच्या बाजूला आत होती, त्यांनी हाताच्या भरवशावर अजिबात राहू नये. पोटातली गाठ हाताला लागते तोवर फार मोठी झालेली असते. त्यांना पोटाचा सीटी किंवा एमआरआय वेळच्या वेळी करावाच लागतो.

नवीन काही लागलं तर?

दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. मांसातला सार्कोमा पुष्कळदा दुखतच नाही, माझी पहिली गाठही दुखत नव्हती. नवीन गाठ दोन आठवड्यांत विरली नाही, किंवा त्याआधीच वाढताना दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा. फोन करायचा असेल तर केस नंबर, कोणत्या महिन्यात ऑपरेशन झालं, गाठ नेमकी कुठे, किती दिवसांपासून आणि साधारण केवढी, एवढं कागदावर लिहून मग फोन करा. रडू आलं तरी कागद वाचता येतो.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. त्या गाठीला चोळू नका, गरम पिशवीने शेकू नका, लेप लावू नका. आणि गावात कोणी "साधी चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांत काढून देतो" म्हणालं तर हात जोडून उठा. सार्कोमाच्या गाठीला बायोप्सीची सुई कुठून घालायची हे पुढचं ऑपरेशन डोळ्यांपुढे ठेवून ठरवतात. भलत्या जागी चीर पडली की पेशी आजूबाजूला पसरतात आणि पुढे जास्त मांस काढावं लागतं, कधी पायही. आधी एमआरआय, मग सार्कोमा बघणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनच बायोप्सी. हा क्रम मोडू देऊ नका.

छातीचा फोटो

फुप्फुसातल्या लहान गाठींनी काहीच त्रास होत नाही. खोकला नाही, दम नाही. म्हणूनच बरं वाटत असताना फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायचा असतो. उभं राहून, समोर छाती टेकवून, पूर्ण श्वास भरून धरून. तंत्रज्ञ "श्वास रोखा" म्हणतो तेव्हा खरंच रोखा, अर्धवट श्वासाच्या फोटोत फुप्फुसाचा खालचा भाग झाकला जातो.

शक्य असेल तर दर वेळी एकाच ठिकाणी फोटो काढा आणि जुना फोटो बरोबर न्या. डॉक्टर आधी आज आणि मागच्या वेळी यांत फरक काय ते बघतात. जुना फोटो नसला की एखाद्या बारीक ठिपक्यावरूनसुद्धा सीटीला पाठवावं लागतं.

सीटी सांगितला तर तो फुप्फुसांसाठी बहुधा साधाच असतो, शिरेतून औषध न देता. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा आणि बाहेर सीटी काढत असाल तर ती चिठ्ठी दाखवूनच काढा. सीटीचं रेडिएशन एक्स-रेच्या कित्येक पट असतं, तेव्हा "मनाच्या समाधानासाठी" स्वतःहून सीटी करून घेण्यात अर्थ नाही. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा.

रिपोर्टमध्ये "नोड्यूल", म्हणजे बारीक गाठ, असा शब्द आला की आमच्या बायका तिथेच बसकण मारतात. थांबा. आपल्याकडे टीबी फार. जुन्या, भरलेल्या टीबीचे डाग कित्येकांच्या फुप्फुसात असतात, आणि त्यांना स्वतःलाही टीबी झाल्याचं माहीत नसतं. अगदी बारीक ठिपका असेल तर डॉक्टर पुष्कळदा सहा-आठ आठवड्यांनी किंवा त्याहून जरा उशिरा पुन्हा सीटी काढतात आणि तो वाढतोय का ते बघतात. हे वाट बघणं जिवावर येतं, पण त्यात हयगय नसते. मधल्या काळात घरात कुणाला टीबी झाला होता का, लहानपणी गोळ्या खाल्ल्या होत्या का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

अचानक दम लागला, छातीत एका बाजूला कळ आली, थुंकीतून रक्त पडलं, तर मात्र तारीख-बिरीख बघू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जा आणि "मला सार्कोमा होता" हे पहिल्या वाक्यात सांगा.

"रक्त तपासून कळत नाही का?" असंही खूप जण विचारतात. सार्कोमा परत आलाय हे खात्रीने सांगणारी रक्ताची तपासणी नाही. महागडी पॅकेजेस घेऊन नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. पेट स्कॅनही दर वेळी लागतोच असं नाही.

हाडाचं ऑपरेशन होऊन धातूचा सांधा बसवला असेल तर

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आमच्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा आणि त्याची आई होती. गुडघ्याचा ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा सार्कोमा, पाय वाचवून आत धातूचा सांधा बसवलेला. त्या माउलीकडून मी बरंच शिकले. अशा मुलांचा छातीबरोबर पायाचाही फोटो लागतो, समोरून आणि बाजूने, आणि सांध्याचा दांडा हाडात जिथवर गेला आहे तिथवर पूर्ण दिसेल असा. अर्ध्या दांड्याचा फोटो काढून आणला की पुन्हा काढावा लागतो, तेव्हा काढतानाच सांगा. दांडा सैल झाला की पाऊल टाकताना मांडीत किंवा नडगीत दुखतं आणि बसल्यावर थांबतं. हे दुखणं "थंडीमुळे असेल" म्हणून मागे टाकू नये.

जंतुसंसर्ग ही त्याहून मोठी भीती, आणि ती वर्षांनंतरही राहते. सांधा गरम लागला, लाल झाला, व्रणातून पाणी आलं, ताप आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. गावात मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, कारण मग सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. दात किडला असेल, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या असतील तर त्यांचा इलाज लगेच करा. दात काढण्याआधी दंतवैद्याला सांध्याबद्दल सांगा. वाढत्या वयाच्या मुलांत दोन्ही पायांची लांबी दर वेळी मोजायला लावा.

पाय काढावा लागला असेल तर उरलेल्या भागावर तीच महिन्याची तपासणी करायची, शिवाय कृत्रिम पायाने घासून जखम होत नाही ना ते रोज बघायचं.

औषधांनी मागे ठेवलेलं

केमोचे सगळे कागद सांभाळा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्चार्जच्या वेळी उपचारांचा गोषवारा मागून घ्या : कोणती औषधं, प्रत्येकाचा एकूण डोस किती, शेक कुठे आणि किती. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना हाच कागद उपयोगी पडतो.

लाल रंगाचं सलाईन घेतलं असेल तर ते बहुधा डॉक्सोरुबिसिन. त्याचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, आणि तो वर्षांनंतरही दिसू शकतो. म्हणून मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते, पायांवर सूज येते, रात्री उशी उंच घ्यावी लागते, हे सांगायचं. मुलीचं लग्न होऊन ती गरोदर राहणार असेल तर आधी इको करून घ्यावा आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना गोषवारा दाखवावा. इफोस्फामाइडने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, तेव्हा क्रिएटिनिन, फॉस्फेट, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाबरोबर कानांनाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतंय, वर्गात मागे बसलं की ऐकू येत नाही म्हणतंय, तर कानांची चाचणी करा. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं आणून खाणं आपल्याला परवडणारं नाही, मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात.

पाळी थांबली, मूल राहत नाही, याबद्दल ओपीडीत बोलायला बायका लाजतात, पुरुष तर तोंडच उघडत नाहीत. चिठ्ठीवर लिहून द्या, पण विचारा. यावर सल्ला मिळतो.

शेक दिलेल्या पायाला सूज राहते, सांधा आखडतो, आणि तिथलं हाड ठिसूळ होऊन हलक्या पडण्यानेही मोडू शकतं. फिजिओथेरपीचे व्यायाम उपचार संपले म्हणून सोडू नका. शेक दिलेल्या जागी पुष्कळ वर्षांनी वेगळाच कॅन्सर उद्भवल्याचंही क्वचित घडतं, म्हणून महिन्याची तपासणी जन्मभर. लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून उपचारांनंतरचं वेगळं क्लिनिक चालतं, तिथे वाढ, हृदय, कान, शाळा, मन, सगळ्याचीच विचारपूस होते. बरे होऊन शिकलेले-सवरलेले अनेक जण तुमचं मूल तिथे पाहील, तेही औषधच.

फाइल आणि ओपीडीतली पाच मिनिटं

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी. तेव्हा फाइल अशी लावा की वरचं पान उघडताच सगळं कळेल. सगळ्यात वर एकच पान : प्रकार, ग्रेड, ऑपरेशनची तारीख, केमो आणि शेकाची शेवटची तारीख, मागच्या वेळचा निष्कर्ष, सध्याच्या गोळ्या. त्याखाली बायोप्सीचा रिपोर्ट, मग सगळ्यात नवा फोटो, मग जुने. सीटीच्या सीडीवर मार्करने तारीख लिहा. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि काचा परत मिळाल्या असतील तर त्या उन्हात, माळ्यावर नकोत.

प्रश्न आदल्या रात्री लिहा. मी नेहमी विचारते ते असे : आज काय बघितलं आणि ते कसं आहे? पुढच्या वेळी एक्स-रे की सीटी? तो बार्शीत काढून आणला तर चालेल का? मधल्या काळात काय झालं तर लगेच यायचं? पुढची तारीख कोणती? बरोबर आलेल्या माणसाला उत्तरं लिहायला सांगा. आपल्याला "ठीक आहे" एवढंच ऐकू येतं, बाकीचं कानावरून जातं.

तारीख जवळ आली की झोप उडते, हे सगळ्यांचंच होतं. प्रत्येक कळ परत आलेल्या आजाराची वाटते. मी त्या आठवड्यात नवी ऑर्डर घेत नाही, सोपं काम ठेवते, हेमिंग, बटणं. घरच्यांनी "काही होत नाही गं" असं म्हणून विषय बंद करू नये. बरोबर चला, रांगेत उभे राहा, तेवढं पुष्कळ आहे. भीती महिनोन् महिने जात नसेल, खाणं-पिणं सुटलं असेल, तर ओपीडीतच समुपदेशकाची चिठ्ठी मागा.

प्रवास आणि पैसा

फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णालाही रेल्वेची सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. आम्ही लातूर-मुंबई गाडीने असेच जातो. एसटीतही सवलत आहे, आगारात चौकशी करा. राहायला परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे जागा हवी तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र आधी मिळवा. महात्मा फुले योजनेत फेरतपासणीतलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. पाय काढला असेल किंवा चालण्यात कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, ४० टक्के आणि वर असेल तर बऱ्याच योजना लागू होतात.

पाच वर्षांनंतर

तारखा वर्षावर गेल्या की मुंबईच्या डॉक्टरांकडून गावच्या डॉक्टरांच्या नावे पत्र मागा. त्यात काय बघायचं, कोणता फोटो कधी, आणि काय दिसलं तर मुंबईला पाठवायचं, हे लिहून घ्या. गाव बदललं, बदली झाली, मुलाकडे पुण्याला राहायला गेलात, तर पत्र आणि फाइल बरोबर न्या, आणि रुग्णालयात नवा पत्ता, नवा मोबाइल नंबर नोंदवा. जुना नंबर बंद असल्याने रुग्णालयाचा फोन लागत नाही आणि माणूस तपासणीतून सुटतो, असं होतं. पुढच्या वेळी खिडकीवर गेलात की आधी हेच विचारा, "माझा मोबाइल नंबर बरोबर नोंदवलाय ना?"